‘दार जरा उचलून लावा’

जुनी दोन दारांची स्पोर्ट्‌स कार ज्याच्या घरी आहे, त्याच्या तोंडी हे वाक्य बसलेलं असतं. शेजारच्या सीटवर नवा माणूस बसला की ते आपोआप बाहेर पडतं: दार जरा उचलून लावा. माणूस उचलतो, कडी कशीबशी अडकते, गाडी निघते. असं पाच-सात वर्षं चालतं. मग एके दिवशी उचलूनही दार लागत नाही, किंवा लागलेलं उघडत नाही, आणि गाडी गॅरेजात जाते. तिथे बहुतेक वेळा सोपा उपाय होतो. कडी ज्यात अडकते तो खांबावरचा स्ट्रायकर थोडा खाली सरकवतात, दाराची घासणारी कड कानसीने उतरवतात आणि वरून रंगाचा हात मारतात.

हा उपाय मला मान्य नाही. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी दारावर सुतार रंधा मारतो ते बरोबर असतं, कारण तिथे दारच बदललेलं असतं. मोटारीचं पत्र्याचं दार फुगत नाही. ते अडतं तेव्हा बहुधा दुसरंच काही हललेलं असतं: बिजागरीची पिन, खांब, नाहीतर दाराखालचा पत्रा. काय हललंय ते कळायच्या आत दाराला हत्यार लावलं, तर ते सांगणारी खूणच आपण पुसून टाकतो.

माझी गाडी इंग्लंडमधली, १९७१ची एमजीबी रोडस्टर. म्हणून सगळं तिच्या आधाराने सांगतो. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० ही गाडी बनत होती. उघडी रोडस्टर आणि छपराची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक. तिच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी चॅसी होती. डॉन हेटर यांनी एमजीबीची बॉडी आखली तेव्हा ती चॅसी गेली. इथे बॉडी हीच चॅसी. शिवाय रोडस्टरला पत्र्याचं पक्कं छप्पर नाही. बंद गाडीत छप्पर आणि खांब मिळून पेटी तयार होते. उघड्या गाडीत पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा भाग एकमेकांना धरून ठेवतात ते दोन्ही दारांखालचे सिल आणि मधला गिअरबॉक्सवरचा बोगदा. सिल म्हणजे गाडीचा उंबरठा. एमजीबीत तो तीन पत्र्यांचा आहे: आतला, बाहेरचा आणि दोघांमधला उभा पडदा. बाहेरून एकच दिसतो, आणि गंज आधी आतल्या दोघांना खातो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ हे काम करतं, मुंबईत आणि कोकणपट्टीत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस.

म्हणून पाना हातात घेण्याआधी पाहणी. गाडी सपाट फरशीवर उभी करा, चारी टायरमध्ये हवा सारखी ठेवा, दोन्ही दारं लावा आणि दाराभोवतीची फट मोजा. त्यासाठी मी बाद झालेली बँकेची कार्डं वापरतो. प्रत्येक कार्ड पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर जाडीचं असतं. सहा कार्डं एकावर एक ठेवली की साडेचार मिलिमीटर झाले. पुढच्या कडेला वर आणि खाली, मागच्या कडेला वर आणि खाली, आणि सिलच्या वर दोन ठिकाणी अशा सहा जागी किती कार्डं जातात ते कागदावर लिहून ठेवा. चार-पाच मिलिमीटरची सारखी फट मिळाली तर जुन्या गाडीला ती उत्तम. फट अरुंद असण्यापेक्षा वरपासून खालपर्यंत सारखी असणं जास्त महत्त्वाचं.

आता हे आकडे वाचायचे कसे? मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर दाराची शेपटी खाली आली आहे असं कुणीही म्हणेल. पण तसं दोन कारणांनी होतं, आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून लगेच पुढच्या कडेकडे बघा. तिथेही फट वाकडी असेल, वर रुंद आणि खाली अरुंद, तर दार खांबापासून सुटून लोंबतंय; दोष बिजागरीत आहे. पुढची फट सारखी आणि मागचीच वर अरुंद असेल, तर दार आपल्या खांबाला धरून आहे आणि दोन खांबच माथ्याकडे एकमेकांजवळ आले आहेत. म्हणजे गाडी मध्ये बसली आहे. यात एक सावधगिरी: एमजीबीचं पुढचं मडगार्ड बोल्टांनी बसवलेलं असतं आणि पूर्वी कुणी ते काढून वाकडं बसवलेलं असू शकतं. म्हणून फट मडगार्डपाशी मोजली तरी नजर दाराआडच्या खांबावर ठेवा.

या अंदाजाची खातरजमा दोन चाचण्यांनी होते. पहिली हाताची. दार अर्धं उघडा, मागचं टोक दोन्ही हातांनी धरून हळू वर-खाली करा आणि दुसऱ्या माणसाला बिजागऱ्यांवर बोट ठेवायला सांगा. खेळ असेल तर बोटाला तो लगेच कळतो. पिन आपल्या भोकात हलतेय, की बिजागरीचं पानच खांबावर हलतंय, की बिजागरी घट्ट आहे आणि खांबाचा पत्रा आत-बाहेर होतोय, हे तिथेच ओळखा. शेवटचं दिसलं तर थांबा. खांबाचा पत्रा फाटलेला किंवा कुजलेला आहे आणि ते वेल्डिंगचं काम आहे.

दुसरी चाचणी जॅकची. चाकांना अडण लावा, दारं लावा, समोरच्या आडव्या तुळईखाली लाकडी गुटका ठेवून जॅकने पुढची चाकं जमिनीपासून सुटेपर्यंत गाडी उचला आणि लगेच खाली घोड्या लावा. जॅकच्या भरवशावर गाडीच्या अंगाखाली किंवा दाराच्या चौकटीत हात घालू नका. त्याच सहा जागी पुन्हा कार्डं सरकवून बघा. मग गाडी उतरवून हेच मागच्या ॲक्सलखाली करा. उघडी गाडी थोडी लवतेच, एखाद्या कार्डाचा फरक पडला तर घाबरू नका. पण फट मिटत आली, किंवा जमिनीवर नीट उघडणारं दार जॅकवर अडकलं, तर सिलचा जोर संपला आहे. सिलच्याच जॅक लावायच्या जागी ही चाचणी करू नका. तिथला पत्रा कुजलेला असेल तर जॅक सरळ आत घुसतो.

माझ्या गाडीत मी नेमकी इथेच चूक केली होती. उजवं दार लोंबत होतं, हाताच्या चाचणीत वरच्या बिजागरीत खेळ सापडला, आणि मला वाटलं चोर मिळाला. दोन शनिवार-रविवार घालवून बिजागऱ्या बदलल्या, दार देखणं बसलं. महिन्याभरात पुन्हा घासायला लागलं. तेव्हा कुठे जॅक लावला. आधीच्या कुणीतरी कुजलेला सिल कापून न काढता त्याच्यावरच नवा पत्रा चढवून कडा वेल्ड केल्या होत्या आणि वर लांबी भरून रंग मारला होता. बाहेरून सिल नवा कोरा, आत मधल्या पडद्याचा भुगा. एक दोष सापडला म्हणून दुसरा नसतो असं नाही. दोन्ही चाचण्या करायच्याच.

समजा जॅकने गाडीला पास केलं आणि दोष बिजागरीतच निघाला. मग हे काम घरी होण्यासारखं आहे, फक्त घाई नको. आधी थोडं गणित. बिजागऱ्यांमधलं अंतर ३० सेंटिमीटर आणि दार ९० सेंटिमीटर लांब असेल, तर वरच्या बिजागरीतली १ मिलिमीटरची ढिलाई मागच्या टोकाला ३ मिलिमीटर होऊन दिसते. स्पोर्ट्‌स कारची दारं लांब असतात आणि बिजागऱ्या जवळजवळ, म्हणून हा दोष त्यांनाच जास्त छळतो. उलट बाजूने याचा फायदाही आहे: बिजागरीत अर्ध्या मिलिमीटरची दुरुस्ती मागे दीड मिलिमीटर देते. म्हणजे लागणारी पट्टी फार पातळ असते.

एमजीबीच्या बिजागऱ्या मोठ्या स्टार स्क्रूंनी बसवलेल्या असतात आणि पन्नास वर्षांत ते जागीच जाम झालेले असतात. साध्या पेचकसाने जोर लावला की खाच गुळगुळीत होते आणि मग ड्रिल करण्याखेरीज मार्ग उरत नाही. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडा, खाचेतला रंग टोच्याने खरवडून काढा, मापाचाच बिट घ्या आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. दोन-तीन ठोके सरळ बसले की बहुतेक स्क्रू सुटतात. आगीची ज्योत टाळा. आतल्या बाजूला अस्तर, फोम, तारा सगळं जवळ असतं.

सगळे स्क्रू एकदम काढू नका. ते ज्या पट्टीत आवळले जातात ती खांबाच्या आत सैल सोडलेली असते, म्हणजे दार सरकवता यावं. तिला धरणारा पत्र्याचा पिंजरा कुजला असेल तर शेवटचा स्क्रू निघताक्षणी ती खांबाच्या पोटात पडते आणि बाहेर काढायला अख्खा दिवस जातो. एक स्क्रू राहू द्या, किंवा त्याच्या जागी लांब बोल्ट घालून पट्टी धरून ठेवा. स्क्रू सैल करण्याआधी बिजागरीच्या पानाभोवती खांबावर पेन्सिलीने रेघ मारा. गोंधळ झाला तर परत यायला ती एकच खूण असते. दाराखाली जॅक, त्यावर लाकूड, त्यावर जुनं ब्लँकेट, आणि दाराच्या शेपटीशी एक विश्वासू माणूस. काच आणि तिची यंत्रणा आत असलेलं दार एकट्याने पेलवत नाही. निसटलं तर मडगार्डच्या कडेला पोचा पाडूनच थांबतं.

पिन झिजली असेल तर ती आणि तिची बुश बदलायची. जिथे त्या वेगळ्या मिळत नाहीत तिथे पूर्ण बिजागरी. त्यानंतर जुळवणी. एका पानाचे स्क्रू दार वर-खाली नेतात, दुसऱ्याचे आत-बाहेर. आपल्या गाडीत कोणते काय करतात ते एकेक स्क्रू सैल करून आधी बघून घ्या आणि एका वेळी एकच दिशा हलवा. शेपटी अजून खाली असेल आणि स्क्रूंची जागा संपली असेल, तर खालच्या बिजागरीच्या पानामागे पातळ पट्टी घाला. दाराचा खालचा भाग मागे ढकलला जातो आणि शेपटी वर येते. वरच्या बिजागरीमागे घातली तर उलट होईल. दोन्हींमागे सारखी घातली तर अख्खं दार मागे सरकतं. पट्टी पितळी किंवा स्टीलची घ्या. पुठ्ठा, रबर किंवा सोड्याच्या कॅनचा पत्रा वर्षभरात दबतो.

दार उघडल्यावर त्याला अडवणारी पट्टीही याच वेळी तपासा. ती तुटलेली असेल तर वाऱ्याच्या एका झोतात दार पुढे जाऊन मडगार्डवर आपटतं, बिजागरीचं पान वाकतं आणि सगळी मेहनत वाया जाते. दाराच्या पुढच्या कडेला रंग उडालेला उभा व्रण दिसला, तर असं आधी झालेलं आहे.

दाराच्या जुळवणीत स्ट्रायकर सगळ्यात शेवटी. आणि एक गोष्ट मात्र सगळ्या जुळवणीच्याही आधी करायची: दाराभोवतीचं रबरी बिडिंग पूर्ण काढून ठेवा. सगळी जुळवणी बिडिंगशिवाय करा. नवं बिडिंग बसवल्यावर दार लागेनासं झालं म्हणून बिजागऱ्यांशी खेळत बसलेले बरेच लोक मी पाहिले आहेत. बाजारात मिळणारं बिडिंग अनेकदा मूळच्यापेक्षा जाड आणि कडक असतं. बिडिंगविना दार अलगद बसतंय आणि लावल्यावर आपटावं लागतंय, तर दोष रबरातच आहे. मऊ, पोकळ प्रकारचं घ्या. बिडिंगवर खडूची पूड चोळून दार लावा आणि उघडा. दारावर पूड कुठे उमटली आणि कुठे नाही, त्यावरून ते कुठे दाबतंय ते समजतं.

स्ट्रायकरचं काम दार धरून ठेवायचं आहे, दार उचलायचं नाही. दार हळू लावत नेताना शेवटच्या दोन सेंटिमीटरांत त्याचं टोक वर चढताना किंवा खाली दबताना दिसलं, तर स्ट्रायकर चुकीच्या उंचीवर आहे. कडीला थोडं ग्रीस लावा, दार लावून उघडा, ग्रीस स्ट्रायकरवर कुठे लागलं ते बघा. स्क्रू जेमतेम सैल करून, बाहेरचं बटण दाबून धरून दार हलकेच लावा म्हणजे स्ट्रायकर स्वतःची जागा शोधतो. मग तो न हलवता दार उघडून स्क्रू आवळा. कडीला दोन टप्पे असतात. पहिल्या ‘टक्’ला दार नुसतं अडकतं, दुसऱ्याला पूर्ण बसतं. दुसरा टप्पा प्रत्येक वेळी, बोटाच्या जोराने लागलाच पाहिजे. पहिल्या टप्प्यावर राहिलेलं दार वळणावर उघडू शकतं, आणि या गाड्यांत कोपर दारावर टेकवून बसायची सवय सगळ्यांनाच असते. इथे ‘चालतंय’ म्हणून सोडू नका.

कडी नीट बसत नसेल तर तिच्यात वाळून घट्ट झालेलं जुनं ग्रीस आहे का ते आधी बघा. रॉकेलने धुऊन हलकं तेल सोडलं की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. दार बंद अवस्थेत अडकलं असेल तर फटीत पहार घालू नका. रोडस्टरचं कापडी छप्पर उतरवून आत बसा, दाराचं आतलं अस्तर सोडवा आणि कडीपर्यंत जाणारी सळई हाताने ओढा. बाहेरून कुणी दार आत दाबून धरलं तर कडीवरचा ताण जातो आणि ती सुटते.

काच या सगळ्यानंतर. एमजीबीत पुढची तिकोनी काच विंडस्क्रीनच्या खांबाला समांतर बसावी लागते. लोक ती आधी जुळवतात आणि मग दार हलवतात. काम दुप्पट होतं. त्या तिकोनी काचेच्या मागच्या पायाशी दाराच्या पत्र्याला उभी चीर पडलेली असेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका, एमजीबीचं ते ठरलेलं दुखणं आहे. दार आपटून लावलं की ती लांबते. ती नुसती लांबीने भरून चालत नाही. वेल्ड करून आतून आधार द्यावा लागतो. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती मात्र आजच तार घालून मोकळी करा.

दुसरी गाडी असेल तर तत्त्व तेच, जागा बदलतात. ट्रायंफ स्पिटफायरला वेगळी चॅसी आहे, हेराल्डचीच आखूड केलेली, आणि हेराल्ड तर मद्रासला स्टँडर्ड कंपनीनेही बनवली. तिथे बॉडी चॅसीवर जिथे बसते तिथली पॅकिंग दबली किंवा चॅसीचे बाहेर आलेले हात कुजले की दार बिघडतं. पॅकिंग बदलून फट परत आणता येते. आपल्याकडे हेराल्डवर हात बसलेला जुना मिस्त्री सापडला तर स्पिटफायरचं दार त्याच्याकडे निःशंक द्या. १९६८ ते १९८२च्या कॉर्व्हेटची दारं अतिशय जड, तिथे आधी पिन आणि बुशच बघायच्या. एमजीबीच्याच जीटीला छपराचा आधार आहे, तिची चौकट रोडस्टरइतकी बसत नाही. पण म्हणून जॅकची चाचणी टाळू नका.

राहिला सिल. हे वेल्डिंगचं काम आहे आणि बहुतेक वाचक ते बाहेरच देतील. इथेच गाडी कायमची वाकडी होते, म्हणून काम देताना चार गोष्टी आधी बोलून घ्या. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी सळया पक्क्या बसवायच्या. गाडी सपाट, सगळ्या टोकांना आधार दिलेली असली पाहिजे, मध्ये लोंबकळणारी नाही. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरी कापायची नाही. आणि बाहेरचा पत्रा नुसता टाका मारून ठेवायचा, दार टांगायचं, फट कार्डांनी मोजायची, आणि ती बरोबर आल्यावरच शेवटचं वेल्ड करायचं. दार बाजूला ठेवून सिल वेल्ड केला तर वाकडी चौकट तशीच पक्की होते, आणि मग बिजागरी, पट्टी, स्ट्रायकर काहीही पुरत नाही. एमजीबीवाल्यांना सुदैवाने तीनही पत्रे तयार मिळतात. १९८८पासून मूळ साच्यांवर अख्खी बॉडीसुद्धा पुन्हा बनू लागली. त्यामुळे कुजलेल्या सिलवर वरून पत्रा चढवून घ्यायला कुणी सांगितलं, तर नाही म्हणा.

जुनी रोडस्टर विकत घ्यायला जाल तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी खिशातून सहा कार्डं काढा, मालकाच्या परवानगीने पुढचं टोक जॅकवर घ्या आणि दार उघडून बघा. जॅक लावू देणार नाही असं तो म्हणाला, तर ती गाडी घेऊ नका.